हिंगोलीतील भाड्याचे घर : कर्ज, उत्पन्न आणि हिशेब

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून जिल्ह्याच्या कचेऱ्या आणि त्यांच्याबरोबर बदलीने येणारा नोकरदार वर्ग यांमुळे हिंगोली शहरात भाड्याच्या घरांना मागणी राहिली. त्यात हळदीच्या बाजाराची आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची भर पडली. त्यामुळे हळदीच्या पट्टीचे किंवा निवृत्तीचे पैसे हाती आले की एखादे घर घेऊन भाड्याने द्यावे, हा विचार इथल्या अनेक कुटुंबांत होतो. मात्र भाडेकरू सहज मिळतो म्हणून गुंतवणूक परवडतेच असे नाही.

पहिला हिशेब भाडे-परताव्याचा, म्हणजे वर्षभराचे भाडे घराच्या किमतीच्या किती टक्के येते याचा. समजा, 25 लाखांचे घर दरमहा 8 हजार रुपयांनी गेले, तर वर्षाचे 96 हजार, म्हणजे 3.84 टक्के होतात. पण एका भाडेकरूने घर सोडून दुसरा येईपर्यंत महिनाभर ते रिकामे राहिले आणि घरपट्टी व दुरुस्तीला 12 हजार लागले, तर हाती 76 हजार उरतात, आणि मुद्रांक व नोंदणी शुल्क धरून खरा खर्च 27 लाखांच्या घरात गेलेला असल्यास परतावा तीन टक्क्यांच्याही खाली येतो. खरेदीपूर्वी विक्रेता सांगतो तो आकडा बहुधा पहिला असतो, आणि नवखा गुंतवणूकदार नेमका तिथेच फसतो.

कर्ज काढल्यास चित्र अधिक कठीण होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, परंतु मुद्रांक व नोंदणी शुल्क सर्वसाधारणपणे त्या किमतीत धरले जात नाही, म्हणून ते खिशातूनच भरावे लागते. वरील घरासाठी 20 लाखांचे कर्ज 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 18 हजार होतो. पहिल्या वर्षीचे व्याजच पावणेदोन लाखांच्या वर जाते आणि भाड्याचे निव्वळ उत्पन्न त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. प्राप्तिकरात दुरुस्ती वगैरेंसाठी 30 टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जावरील व्याजाची वजावट मिळते हे खरे, पण नव्या करप्रणालीत या घरावरचा तोटा पगार किंवा व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे दरवर्षी जवळपास 1 लाख 40 हजारांची तूट सोसणारा माणूस वस्तुतः भाड्यासाठी नव्हे, तर जागेचा भाव वाढेल या आशेवर पैसे गुंतवत असतो, आणि या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

भाववाढीची आशा घोषणांवर फोफावते. औंढा नागनाथ तालुक्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता 2016 मध्ये मिळाली आणि सुमारे 2,600 कोटींच्या खर्चाची मंजुरी एप्रिल 2023 मध्ये. मधली सात वर्षे व्याज भरत बसण्याची तयारी कोणत्या नवख्या कर्जदाराची असते? शिवाय अशा वेधशाळेत मोजकेच शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ काम करतात, हजारो भाडेकरू कुटुंबे तिच्यामागून येत नाहीत.

त्या मानाने आपल्याच घरावर किंवा परसात नगर परिषदेची बांधकाम परवानगी घेऊन दोन खोल्या बांधणे पुष्कळ शहाणपणाचे ठरते. जागा आधीच आपली असल्याने समजा 6 लाखांत बांधकाम झाले आणि दरमहा साडेचार हजार भाडे आले, तर महिनाभराचे रिकामपण आणि 6 हजारांचा खर्च वजा जाता वर्षाला साडेत्रेचाळीस हजार, म्हणजे सव्वासात टक्के उरतात. कर्ज लागले तरी ते लहान असते आणि मालक जवळ राहत असल्याने नळ, वीज, भाडेवसुली यांवर नजर राहते.

घर किंवा भूखंड विकतच घ्यायचा असेल, तर मराठवाड्यात किमतीआधी मालकी तपासावी लागते. निजामाच्या काळातील मदतमाश आणि खिदमतमाश, म्हणजे व्यक्तीच्या निर्वाहासाठी किंवा देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेल्या इनामी जमिनी, तसेच हस्तांतरणावर बंधन असलेल्या भोगवटादार वर्ग 2 च्या जमिनी यांवर पाडलेले भूखंड सर्रास विकले जातात, आणि नंतर कर्जही मिळत नाही व फेरफारही होत नाही. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन वकिलाला दाखवूनच इसार द्यावा.

शेवटी करार. मराठवाड्यात पूर्वी लागू असलेल्या 1954 च्या हैदराबाद भाडे कायद्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.