भेगांतले बिऱ्हाड

चैत्र-वैशाखात दारव्ह्याकडची काळी जमीन भेगाळते. आपल्याला रान उजाड वाटते; मऊ केसांच्या मेटाड उंदराला मात्र ते आयते घर. बीळ खणण्याची यातायात हा गडी फारशी करीतच नाही! त्याचा शेजारी जर्बिल, शेपटीच्या टोकाला झुपका असलेला. तो थरच्या वाळवंटातही नांदतो. दिवसा बिळाच्या गारव्यात, रात्री चरायला बाहेर.

मृगाचा पाऊस दणक्यात आला की भेगा मिटतात आणि कितीतरी मेटाड आतच मरतात. पाऊस रुसला, तर वाचतात, वाढतात. दख्खनने १८७६-७८ चा दुष्काळ कसाबसा सोसला, तोच १८७८-७९ मध्ये उंदरांच्या झुंडी पिकांवर तुटून पडल्या. उपासमारीतून उठलेल्या कुणब्याच्या हातचे कणीसही गेले. त्या झुंडींत मेटाड होता, जर्बिलही.