निवडणूक प्रचाराच्या जाहिराती आणि प्रकटीकरणाचे नियम : मुद्रकाचे नाव व खर्चाचा धनी

प्रस्तावना

निवडणुकीच्या काळात मतदाराच्या हाती पडणाऱ्या प्रचारपत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापलेला असतो. मतदार ती ओळ सहसा वाचत नाही. तथापि प्रचाराचा मजकूर कोणाचा, हे सांगण्याची जबाबदारी भारतीय कायद्याने प्रामुख्याने याच ओळीवर टाकली आहे. जाहिरात कोणी छापली आणि तिचे पैसे कोणी दिले, हे दोन भिन्न प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर कायदा जाहिरातीच्या दर्शनी भागावरच मागतो. दुसऱ्याचे उत्तर उमेदवाराच्या हिशेबात शोधावे लागते, आणि तेथे ते सापडेलच असे नाही. या दोहोंतील अंतराचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कलम १२७-क

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये १९६१ साली कलम १२७-क समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते नसलेले कोणतेही निवडणूक पत्रक वा भित्तिपत्रक छापता किंवा प्रसिद्ध करता येत नाही. प्रकाशकाने आपल्या ओळखीविषयीचे स्वाक्षरीत घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यावयाचे असते, आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोन व्यक्तींनी ते साक्षांकित करावयाचे असते. मुद्रकाने घोषणापत्राची एक प्रत व छापलेल्या मजकुराची एक प्रत, छपाई राज्याच्या राजधानीत झाली असल्यास मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे आणि अन्यत्र झाली असल्यास त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाची असते. हाताने नक्कल करण्याखेरीज प्रती काढण्याची कोणतीही प्रक्रिया ‘मुद्रण’ मानली जाते. सभेची तारीख, वेळ व स्थळ एवढेच कळविणारी पत्रके मात्र यातून वगळली आहेत. नियमभंगाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे.

या कलमामागील कल्पना छापखान्याच्या जगातील आहे. गावात मोजके छापखाने असतात, मालक ग्राहकाला ओळखतो, खिळे जुळवणाऱ्यालाही मजकूर कोणाचा ते ठाऊक असते, असे ते जग होते. खोटे, निनावी व बदनामीकारक पत्रक मतदानाच्या आदल्या रात्री वाटले गेल्यास त्याचा माग काढता यावा, हा त्यामागील उद्देश. तो रास्तच होता. परंतु कलमाच्या शब्दांत पैशाचा उल्लेख नाही. निवडणूक आयोगाने १९९४ च्या आदेशाने ही उणीव काही अंशी भरून काढली. छपाईनंतर तीन दिवसांत मुद्रकाने प्रतींची संख्या व आकारलेली रक्कमही विहित नमुन्यात कळवावी, असे बंधन आले. खर्चाचा आकडा त्यामुळे शासनदरबारी पोहोचू लागला, पण पत्रक वाचणाऱ्या मतदारापर्यंत नव्हे.

खर्च कोणाच्या खाती?

उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या प्रतिनिधीने केलेल्या वा प्राधिकृत केलेल्या खर्चाचा हिशेब कलम ७७ खाली ठेवावा लागतो आणि निकालानंतर ३० दिवसांत सादर करावा लागतो. कन्वरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या १९७४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने वा मित्रांनी केलेला खर्चही त्याच्याच खाती धरावा, असे म्हटले. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि पक्षाचा व इतरांचा खर्च हिशेबाबाहेर गेला. इतक्या तत्परतेने दुरुस्त झालेले कायदे थोडेच असतील. ही सूट २००३ मध्ये आकुंचित होऊन मुख्यतः पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चापुरती उरली. मात्र पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चावर आजही कमाल मर्यादा नाही.

उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून जाहिरातीवर खर्च करणाऱ्या तिऱ्हाईतासाठी भारतीय दंड संहितेत कलम १७१-एच होते. दंड ५०० रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये तो १०,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आला.

महाराष्ट्रातील चौकाचौकांत दिसणारा फ्लेक्स फलक या संदर्भात अभ्यसनीय आहे. त्यावर नावांची वाण नसते. नेत्याच्या छायाचित्राखाली ‘शुभेच्छुक’ म्हणून दहा-बारा नावे व छायाचित्रे असतात, खाली ‘सौजन्य’ असते. नसते ती मुद्रक-प्रकाशकाची ओळ. अशा तक्रारी आल्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये आयोगाला होर्डिंगवरही मुद्रक व प्रकाशक यांची ओळख स्पष्ट असावी, असे निर्देश द्यावे लागले. शुभेच्छुकाने खरोखर पैसे दिले की केवळ नाव दिले, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रे

दूरचित्रवाणीसाठी नियम अधिक काटेकोर आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशानुसार राजकीय जाहिरातीचे प्रसारणापूर्वी प्रमाणन करून घ्यावे लागते. अर्जात निर्मितीचा खर्च, प्रसारणाचा अंदाजे खर्च व दर, जाहिरात कोणाच्या लाभासाठी आहे हे, तसेच सर्व रकमा धनादेश वा धनाकर्षाने दिल्या जातील असे निवेदन द्यावे लागते. अर्जदार पक्ष वा उमेदवार नसल्यास, जाहिरात त्यांच्या लाभासाठी नाही व त्यांनी ती पुरस्कृत केलेली नाही, असे शपथेवर सांगावे लागते. पैशाचा प्रश्न येथे थेट विचारला जातो, हा मुद्रण माध्यमाहून असलेला मूलभूत फरक होय. वृत्तपत्रीय जाहिरातींना पूर्वप्रमाणनाची अट आयोगाने मतदानाचा दिवस व त्याआधीचा दिवस एवढ्यापुरतीच घातली आहे.

जाहिरात बातमीच्या वेशात आली तर काय, याची कसोटी महाराष्ट्रातच लागली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयीचा मजकूर एकाहून अधिक मराठी वृत्तपत्रांत शब्दशः सारखा आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. चव्हाण यांनी हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींवर ५,३७९ रुपये खर्च दाखविला होता. पैसे देऊन बातम्या छापून आणल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. हिशेबाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा आयोगाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये मान्य केला. त्यानंतर आयोगाने चव्हाण यांना बजावलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केली. छापलेला मजकूर सर्वांसमोर होता. पैसे दिले गेले काय आणि दिले असल्यास कोणाच्या संमतीने, हे सिद्ध करणे अवघड होते.

समाजमाध्यमे

आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींनाही पूर्वप्रमाणन लागू केले व त्यांवरील खर्च हिशेबात दाखविणे बंधनकारक केले. २०१९ पासून फेसबुक व गूगल यांनी भारतातील राजकीय जाहिरातींचे संग्रह खुले केले. त्यांत जाहिरातदाराचे नाव व खर्चाची माहिती पाहता येते, म्हणजे मतदारासमोर खर्चाचा धनी आणणारी सोय संसदेच्या कायद्याने नव्हे तर खासगी कंपन्यांच्या धोरणाने निर्माण झाली. पण तेथेही जाहिरातदार म्हणून एखाद्या पृष्ठाचे वा अपरिचित संस्थेचे नाव असू शकते, आणि त्यामागे पैसा कोणाचा हे त्या नावावरून कळत नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने, पक्षाला निधी कोण देतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. तो निर्णय पक्षाला मिळणाऱ्या देणग्यांविषयी आहे. शुभेच्छुकाने परस्पर फ्लेक्स छापणाऱ्याला दिलेली रक्कम पक्षाच्या खात्यात जमाच होत नाही. तिची नोंद व्हायची तर ती मुद्रकाने भरून पाठवावयाच्या त्या नमुन्यातच, आणि तो जिल्हादंडाधिकाऱ्याच्या कार्यालयात दाखल होतो.