वाऱ्याला वाट देणारी तबकडी

जुन्नर तालुक्यातील कुकडी नदीकाठचे बोरी बुद्रुक हे गाव भूशास्त्राच्या आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. नदीकाठच्या थरांमध्ये तेथे ज्वालामुखीची राख सापडली, अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही सापडली. दगडातील नको तो भाग काढून टाकायचा आणि हवा तो आकार उरवायचा, ही माणसाची अगदी आरंभीची कारागिरी. बोरीहून जवळच, खोडदच्या शिवारात, 'नको ते काढून टाका' याच तत्त्वाचा एक आधुनिक नमुना उभा आहे. त्याची ओळख आपण या लेखात करून घेऊ.

नारायणगावहून खोडदकडे निघालो, की कांदा-टोमॅटोच्या शेतांपलीकडे पांढऱ्या रंगाच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. ही आहे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजेच जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा एक भाग आहे. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आणि अशा तबकड्या एकूण ३०. त्यांपैकी १४ खोडदजवळ दाटीने आहेत, तर १६ तबकड्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. दोन टोकांच्या तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

दुर्बीण पाहायला आलेली मुले जवळ जाताच हमखास एक प्रश्न विचारतात. "ही तर नुसती जाळी आहे! हिच्यातून आभाळ दिसते. मग लहरी हिच्यात अडकतात कशा?" प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. या दुर्बिणीच्या रचनेची सगळी गुरुकिल्ली त्या भोकांतच आहे.

भोके असलेला आरसा

दुर्बिणीच्या आरशाचे काम एकच. आकाशातून आलेल्या लहरी परावर्तित करून एका बिंदूत, म्हणजे नाभीत, एकत्र आणायच्या. त्यासाठी आरशाचा आकार अन्वस्ताकार असावा लागतो. तबकडीच्या वर चार पायांच्या आधाराने जो साचा दिसतो, तेथे ही नाभी आहे. लहरी टिपणारी उपकरणे तेथे बसवलेली असतात.

आरसा म्हटला की तो गुळगुळीत आणि अखंड हवा असे आपण धरून चालतो. पण 'गुळगुळीत' हे कोणाच्या दृष्टीने? आपण पिठाची चाळण घेतो तेव्हा पीठ खाली पडते, कोंडा वर राहतो. चाळणीला भोके आहेत, पण कोंड्याच्या दृष्टीने ती जणू बंदच. लहरींचे सर्वस्वी असेच असते असे नव्हे, तरी ढोबळ नियम तसाच आहे. धातूच्या जाळीची भोके तरंगलांबीच्या साधारण दहाव्या हिश्शाहून लहान असतील, तर त्या लहरींना ती जाळी जवळजवळ अखंड पत्र्यासारखीच भासते. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारात बारीक भोकांचा पत्रा असतो. आतील लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणून त्या बाहेर येत नाहीत. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून आतील पदार्थ मात्र आपल्याला दिसतो.

जीएमआरटी ज्या लहरी टिपते त्यांपैकी सर्वांत महत्त्वाच्या आखूड लहरी म्हणजे हायड्रोजनच्या अणूकडून येणाऱ्या, २१ सेंटिमीटर लांबीच्या. बाकीच्या लहरी याहून लांब, दोन मीटरच्याही पुढे. मग २१ सेंटिमीटरचा दहावा भाग किती? सुमारे २ सेंटिमीटर. तबकडीच्या कडेच्या भागात जाळीचा चौकोन २० मिलिमीटरचा आहे तो याच हिशेबाने. मधल्या पट्ट्यात तो १५ आणि केंद्राजवळ १० मिलिमीटरचा आहे. नाभीतील उपकरण केंद्राकडच्या भागाकडून जास्त लहरी घेते, कडेकडून कमी. म्हणून केंद्राशी जाळी दाट ठेवली आणि कडेला विरळ. जाळीची तार स्टेनलेस स्टीलची, ०.५५ मिलिमीटर जाडीची आहे. क्लच पेन्सिलीच्या शिशाएवढीच म्हणा ना!

वारा किती ढकलतो?

आता आपण थोडे गणित करू. आठवी-नववीच्या मुलांनाही ते जमेल.

४५ मीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस मीटर. शेतकऱ्याच्या भाषेत जवळजवळ १६ गुंठे. सोळा गुंठ्यांचे शिवार उचलून आभाळात तिरपे धरायचे, आणि तेही हव्या त्या दिशेला फिरवता आले पाहिजे!

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला 'व' मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर ०.६ × व × व न्यूटन इतका दाब देतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. दाब येतो सुमारे ४७० न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ४८ किलो वजनाएवढा. अखंड पत्र्याची तबकडी वाऱ्यासमोर उभी असेल तर तिच्यावरील एकूण रेटा ७५ टनांच्या घरात जातो.

आता जाळी घ्या. १५ मिलिमीटरच्या चौकोनात तार ०.५५ मिलिमीटरची. मोकळी जागा किती? (१४.४५ ÷ १५) चा वर्ग, म्हणजे सुमारे ९३ टक्के. वाऱ्याच्या आड येणारा भाग उरला ७ टक्के. त्याच वाऱ्याचा जाळीवरील रेटा ढोबळमानाने ५ टनांच्या आसपास येतो. नळ्या, दोर यांच्यावरील रेटा त्यात मिळवावा लागेल, तारांभोवती हवा कशी वळते हेही पाहावे लागेल. तरी ७५ आणि ५ यांतील फरक सर्व काही सांगून जातो.

दहा आणि वीस मिलिमीटरच्या चौकोनांसाठी हेच गणित विद्यार्थ्यांना करायला सांगा. कडेची जाळी विरळ ठेवण्याचा दुसरा फायदा त्यातून लक्षात येईल. कडेवर बसलेला रेटा तबकडीला जास्त पिळतो, कारण तेथे तरफेचा दांडा लांब असतो. नेमक्या त्याच ठिकाणी वाऱ्याला सर्वांत मोकळी वाट आहे.

द्राक्षाचा मांडव आणि छत्रीच्या काड्या

जाळी हलकी खरी, पण ती अन्वस्ताकार राहणार कशी? यासाठी प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात एक युक्ती शोधली. मध्यभागी एक मजबूत चक्र, त्यातून छत्रीच्या काड्यांप्रमाणे निघणाऱ्या पोलादी नळ्यांच्या १६ वक्र कमानी, कमानींमध्ये ताणून बांधलेले पोलादी दोर आणि त्या दोरांवर बांधलेली जाळी. या पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की 'स्मार्ट' हा शब्द होतो.

नारायणगाव परिसरातील कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. मांडवाला लोखंडी अँगल थोडेच असतात. बाकी सगळा भार ताणलेल्या तारा पेलतात. वेल, पाने, घड असे टनावारी ओझे त्या बारीक तारांवर लोंबते. तार सैल पडली की मांडव झोळतो, ताण बरोबर असला की तो सरळ राहतो.

यामागील तत्त्व साधे आहे. झाडूची काडी दोन्ही टोकांनी दाबा, ती चटकन बाक घेते आणि मोडते. तीच काडी दोन्ही टोकांना धरून ओढा, ती सहजी तुटत नाही. दाब सोसायचा तर वस्तू जाड हवी, ताण सोसायला बारीक असली तरी चालते. लेण्याद्रीच्या लेण्यांतील खांब जाड आहेत, कारण दगडाला दाब मानवतो, ताण मानवत नाही. पोलादी दोराचे नेमके उलटे आहे.

ताणलेला दोर सरळ असतो, मग वक्र पृष्ठभाग कसा मिळतो? तो खराखुरा वक्र नाहीच. लहान लहान सपाट तुकडे जोडून वक्राच्या अगदी जवळ जाणारा आकार साधलेला आहे. २१ सेंटिमीटरच्या लहरींना सेंटिमीटरभराचा फरक फारसा जाणवत नाही. प्रकाशाच्या दुर्बिणीला मात्र एवढा फरक मुळीच चालला नसता.

एका वजनाने दुसरे वजन वाचते

खरी गंमत पुढे आहे. रेटा कमी झाला म्हणून कमानींच्या नळ्या हलक्या झाल्या. तबकडी हलकी झाली म्हणून ती फिरवणाऱ्या मोटारी लहान पुरल्या. म्हणून सुमारे १५ मीटर उंचीचा काँक्रीटचा मनोरा आटोपशीर झाला, त्याखालचा पायाही लहान झाला. वर एक किलो वाचला की खाली कित्येक किलो वाचतात. घराच्या छपराबाबतही हेच घडते. कौले काढून हलके छप्पर घातले, तर वासे, भिंत आणि पाया या सर्वांचाच हिशेब बदलतो.

या बचतीमुळेच आपल्या देशाला एक-दोन नव्हे, तर तीस तबकड्या उभारणे परवडले. तिसांचे एकत्र क्षेत्रफळ जवळजवळ बारा एकर होते. स्वरूप यांच्यासाठी काटकसर हा नवा विषय नव्हता. १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे त्यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली. १९७० साली उटीजवळ ११ अंश उताराच्या डोंगरावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण तयार झाली. तेथील अक्षांशही ११ अंशच, त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाला. तेथे डोंगराचा उतार उपयोगी पडला, खोडदला हवामान उपयोगी पडले. येथे बर्फ पडत नाही. पडत असता तर जाळीची भोके बुजली असती आणि सगळे गणित कोसळले असते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

जगात इतरत्र

ताणलेल्या दोरांची ही वाट जगातील वास्तुशिल्पज्ञांनीही धरली. म्युनिक येथे १९७२ साली झालेल्या ऑलिंपिकच्या क्रीडागाराचे छप्पर पाहा. गुंटर बेनिश आणि फ्राय ओटो यांनी पोलादी दोरांचे जाळे खांबांवरून तंबूसारखे ताणले आणि त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचे पत्रे बसवले. ओटो साबणाच्या पातळ पडद्यांचे आकार अभ्यासत असत. कमीत कमी सामग्रीत जास्तीत जास्त जागा कशी झाकावी, हा त्यांचा जन्मभराचा प्रश्न होता. चीनमधील ५०० मीटर व्यासाची 'फास्ट' ही रेडिओ दुर्बीणही दोरांच्या जाळ्यावरच तोललेली आहे. ती २०१६ साली पूर्ण झाली.

पण ताणाचा मार्ग निर्धोक मात्र नाही. पोर्टो रिको बेटावरील आरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर एक अवजड मंच दोरांनी टांगलेला होता. २०२० साली त्यातील दोर एकामागून एक निकामी झाले आणि १ डिसेंबरला तो मंच खालच्या तबकडीवर कोसळला. दगडी भिंत म्हातारी झाली की तडे दाखवते, दोर अनेकदा एवढी सवड देत नाही. म्हणून अशा रचनेत देखभाल हा रचनेचाच भाग समजावा लागतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक रचना काहीतरी मिळवताना काहीतरी सोडते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील 'व्हीएलए' या दुर्बिणीच्या २५ मीटरच्या २७ तबकड्या अखंड पत्र्याच्या आहेत. त्या मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या लहरीही टिपतात. आपल्या जाळीतून त्या लहरी वाऱ्यासारख्याच आरपार निघून जातील. आपण लांब लहरींचे क्षेत्र निवडले, त्यासाठी आखूड लहरींवर पाणी सोडले. काय नको हे ठरवता आले, म्हणूनच काय हवे ते साधले.

वर्गात करून पाहा

१. पुठ्ठ्याचा एक चौकोन आणि त्याच आकाराचा खिडकीच्या जाळीचा तुकडा दोऱ्याने टांगा. समोर टेबलपंखा लावा. दोन्ही किती अंशांनी कलतात ते कोनमापकाने मोजा.

२. जुन्या छत्रीचे कापड काढून टाका. काड्यांना आडवे दोरे ताणून बांधा. दोऱ्यांची संख्या वाढवत गेल्यावर आकार वक्राच्या किती जवळ येतो ते पाहा.

३. एफएम रेडिओ सुरू करून धातूच्या बारीक जाळीत सर्व बाजूंनी गुंडाळा. आवाजात काय फरक पडतो? प्लॅस्टिकच्या मच्छरदाणीत गुंडाळला तर काय होते?

शेजाऱ्यांचा वाटा

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरवण्याची प्रथा आहे. त्या वेळी दुर्बीणही पाहता येते. तेथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात, की जवळची एखादी ठिणगी किंवा एखादा फोनही त्यांना झाकून टाकतो. याच कारणाने या परिसरातील उद्योगांवर बंधने आहेत आणि पुणे-नाशिक जलद रेल्वेचा या बाजूने आखलेला मार्गही वादात सापडला. दुर्बिणीची शांतता शेजारच्या गावांनीही पेललेली आहे. रोजगार हवा असलेल्या तरुणाला ही शांतता महाग वाटली, तर त्याला अडाणी म्हणून चालणार नाही.

म्हणूनच आम्हाला वाटते, की या तबकड्यांची रचना निदान या परिसरातील प्रत्येक विद्यार्थ्याला समजली पाहिजे. ज्या गोष्टीसाठी आपण काही सोडतो, ती काय आहे हे कळणे हा आपला हक्क आहे. पुढच्या सहलीत तबकडीखाली उभे राहून मुलांना एवढेच विचारा. "आपल्या शाळेच्या इमारतीत, बाकात, दप्तरात असे काय आहे, की जे काढून टाकले तरी काम अडणार नाही?" उत्तरे वहीत लिहून घ्यायला सांगा. एखाद्या उत्तरात उद्याचा अभियंता सापडेल.