गोळीने दुखणे थांबते, झीज थांबते का?

हेमलकसा-भामरागडच्या बाजूला आयाबायांचे गुडघे लवकर धरतात, यात नवल नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडणी, पावसाळ्यात चिखलात वाकून रोवणी, एरवी डोक्यावर सरपण आणि पाणी. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाचे काम तेथे 1973 पासून चालू आहे. पण दूरच्या टोल्यावरून दुखऱ्या पायांनी तिथवर येणे सोपे नाही. मग कोणी दिलेल्या गोळ्यांवर दिवस निघतात. चंद्रपूर, बल्लारपूरच्या कामगार वस्त्यांत तरी वेगळे काय आहे? मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची पट्टी आमच्या घरोघरी उशाखाली असतेच.

ही गोळी करते काय? हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की सांधा सुजतो, ठणकतो. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते, त्यामुळे सूज आणि वेदना वाढते. गोळी ते द्रव्य तयार होऊ देत नाही. दुखणे कमी होते, पण झिजलेली कूर्चा भरून येत नाही. उलट बरे वाटले म्हणून बाई पुन्हा भारा उचलते आणि त्याच गुडघ्यावर भार पडतो.

ब्रिटनमध्ये गुडघ्याच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष 1995 साली प्रसिद्ध झाला. त्यात इंडोमेथासिन घेणाऱ्यांचे सांधे, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा दुपटीहून अधिक प्रमाणात बिघडलेले दिसले. त्याच चाचणीतील दुसऱ्या एका औषधाने तसे झाले नाही. त्यामुळे सगळ्याच गोळ्या सांधे खातात, असे म्हणून घाबरवणे आम्हाला बरोबर वाटत नाही.

भीती खरी आहे ती पोटाची आणि मूत्रपिंडाची. तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचे अस्तर सांभाळते, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखते. उपाशीपोटी, उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन रोज गोळी घेतली तर धोका वाढतो. रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन आपल्याकडची गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी ते बंद झाले. माणूस गिधाड नव्हे, चार गोळ्यांनी त्याला तसे होत नाही. पण वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने खाणे वेगळे. बिननावाची पुडी तर घेऊच नये. तिच्यात स्टिरॉइड असले तरी आपल्याला कळणार नाही.

फार दुखते तेव्हा डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस, जेवणानंतर गोळी घ्यावी. गुडघ्याला त्याच औषधाचे मलम आधी लावून पाहावे. ते पोटात फारच कमी जाते. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, दहा आकडे मोजेपर्यंत धरावा, खाली घ्यावा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. याला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही. शक्य तेथे उकिडवे बसणे टाळावे, भाऱ्याचे दोन भाग करावेत, दुसरा भाग घरातल्या पुरुषाने उचलावा.

गोळी चालू असताना संडास काळी झाली, लघवी कमी झाली किंवा पायांवर सूज आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पट्टी सोबत न्यावी, म्हणजे काय घेतले ते डॉक्टरांना कळेल.