एकच नाव, एकच नंबर

सकाळी ६. नाकाडोंगरीच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं-पोरी धावताहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. यांतल्या बऱ्याच जणांचे कागद माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहेत, म्हणून मी चहा घेता घेता कोण घाम गाळतोय आणि कोण नुसता नवे बूट दाखवतोय ते बघून ठेवतो.

९. शटर वर. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, बायोडाटा. पहिलाच गिऱ्हाईक आयटीआय झालेला. ‘‘भाऊ, माह्या नावात का गलती आहे जी?’’ सनदेवर आडनावात ‘व्ही’, आधारवर ‘डब्ल्यू’, बँकेच्या पासबुकात वडिलांचं नावच गायब. मी दहावीची सनद पाया धरतो आणि बाकीचे कागद तिच्याप्रमाणे करून आणायला सांगतो. नावच बदललं असेल तर राज्याच्या राजपत्रात छापून घ्यावं लागतं. १९९७ साली टॉम पीटर्स नावाच्या अमेरिकन लेखकानं नोकरदारांना सांगितलं होतं की प्रत्येकानं स्वतःला एक ब्रँड समजावं. त्यांच्याकडे बहुधा तीन स्पेलिंगांचा माणूस कधी आला नसावा.

११. बायोडाट्यांची वेळ. गावोगाव एकच फाइल फिरते, तिच्यात नाव तेवढं बदलतात. ‘मेहनती, प्रामाणिक, टीमसोबत काम करण्याची आवड, छंद : वाचन, क्रिकेट.’ एकदा तर वडिलांचं नावही आधीच्या पोराचंच राहून गेलेलं सापडलं. मी ही विशेषणं खोडतो आणि विचारतो, ‘‘काय काय केलंस ते सांग.’’ पोरं गप्प होतात. केलेलं असतं, पण घरच्या किंवा शेतातल्या कामाला काम म्हणायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

एक पोरगा मात्र वेगळा निघाला. उन्हाळी धानाच्या दिवसांत मोटारी जळतात, तेव्हा तो रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचा. त्याला सांगितलं, प्रत्येक मोटारीचे दोन फोटो काढ : जळालेली कॉइल आणि नवी. खाली तीन ओळी लिही : किती एचपी, कोणत्या गेजची तार, किती फेरे. शेवटी क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचे अँपिअर. पाच एचपीची मोटार सात-साडेसात अँपिअरच्या आसपास आणि तिन्ही फेजला सारखीच चालत असेल, तर वाचणाऱ्या फोरमनला शिफारशीची चिठ्ठी लागत नाही. पोरगा हे फोटो स्टेटसला ठेवू लागला. तुमसरच्या एका राइस मिलवाल्यानं ते बघून त्याला बोलावलं. पगार फार नाही, पण मुलाखतीत अर्धा वेळ त्या फोटोंवरच बोलणं झालं म्हणे.

दीड वाजता लाइट गेली. डबा.

३. बचत गटाचं दप्तर सांभाळणारी मुलगी आली. तिलाही काम दाखवायचंय, पण गटाचा हिशेब दुसऱ्यांचा. मग आम्ही काल्पनिक दहा बायकांचा एक महिना भरला : बचत, कर्ज, व्याज, शिल्लक. आकडे खोटे, पद्धत खरी. कारखान्यात अप्रेंटिस असलेल्यांनाही मी हेच बजावतो : आतले फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि सनद, आधार स्टेटसवर टाकायची हौस तर अजिबात नको.

५. मुलाखतीची तालीम. समोरचा वरठीच्या पोलाद कारखान्याची तयारी करतोय. विचारलं, तुमच्या भागात काय निघतं? ‘‘मँगनीज.’’ कशाला लागतं? गप्प. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी, चिखल्याची भूमिगत, दोन्ही मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीच्या. पोलादात मँगनीज लागतं, आणि डोंगरीचं डायऑक्साइड खनिज बॅटरीच्या सेलमध्येही जातं. घरातली माणसं खाणीत पाळीवर जातात आणि पोरगा पोलाद कारखान्यात मुलाखतीला हे न सांगता बसणार! त्याच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त तेच आहे. छंदांच्या जागी आम्ही ते लिहिलं.

७. गर्दी. फोटो वीस केबीत बसवा, सही काळ्या शाईनं करा, ईमेल पत्ता स्वतःच्या नावाचाच घ्या. ‘किंग’, ‘रॉयल’ आणि जन्मसाल जोडलेले पत्ते मी फॉर्ममध्ये टाइप करतो खरा, पण तोंड वाकडं करून.

रात्री ९. शेवटची तारीख आजच. एका पोराचा फॉर्म पूर्ण भरला, बटण दाबलं, ओटीपी गेला त्याच्या जुन्या नंबरावर. बरेच महिने रिचार्ज नव्हता, नंबर दुसऱ्याच्या नावावर चढलेला. फोन लावला तर गोबरवाहीच्या एका काकांनी उचलला. त्यांना ओटीपी वाचता येईना, नातू बाहेर गेलेला. नवा नंबर जोडायला वेळ नाही. ‘‘काका, तिथंच थांबा जी,’’ असं म्हणून पोरानं गाडीला किक मारली. साइट रात्री बारापर्यंत चालू आहे, मी शटर अर्धं ठेवलंय.