अंटार्क्टिकाला वेल्डरही लागतो

कळंबोलीच्या लोखंड बाजारात आपले अनेक व्यापारी बांधव रोज जातात. तिथून जवळच, नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये, महामार्गालगत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे आवार आहे. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे. त्या चुंबकाच्या शक्तीत दर क्षणाला होणारे फेरफार मोजणे हे या संस्थेचे काम. चुंबकाची संस्था आणि लोखंडाचा बाजार असे शेजारी आलेले पाहून गंमत वाटते. पण खरी मोजमापे इथे नव्हे, अलिबागच्या वेधशाळेत होतात. ही संस्था १९८१ च्या पहिल्या मोहिमेपासून दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिका खंडावर आपली माणसे आणि यंत्रे पाठवीत आली आहे. आपल्या पनवेलकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल.

"आम्हाला त्याचे काय? आम्ही गॅरेजवाले, फॅब्रिकेशनवाले, सुतार माणसे," असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

आधी अलिबागचीच हकिकत सांगतो. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सुया हलतील म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. ती बांधताना लोखंड वर्ज्य होते. पोरबंदरचा दगड पारखून आणला आणि खिळे-बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या बसविल्या. योजना शास्त्रज्ञांनी आखली खरी, पण तिच्यात एकही चुकीचा खिळा बसू न देणारे हात गवंडी, सुतार आणि तांबटांचे होते. शंभराहून अधिक वर्षे जगभरचे शास्त्रज्ञ त्या इमारतीतले आकडे वापरीत आहेत.

अंटार्क्टिकाचेही असेच आहे. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. एकवीस जणांच्या त्या तुकडीचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले, मासे व सागरी जीवांचे अभ्यासक, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक आणि पुढे जामिया मिल्लियाचे कुलगुरू. हे नाव आपल्या घराघरातील मुलांना माहीत असावयास हवे होते.

आज अंटार्क्टिकावर भारताची दोन केंद्रे चालू आहेत. १९८९ पासून 'मैत्री' आणि २०१२ पासून 'भारती'. त्याआधीचे 'दक्षिण गंगोत्री' बर्फाखाली गाडले जाऊ लागल्याने सोडून द्यावे लागले. भारती केंद्राची रचना आमच्या वाचकांना विशेष वाटेल. १३४ मालवाहू कंटेनर जोडून ते उभे केले आणि वरून आवरण चढविले. न्हावाशेवा बंदरामुळे उरण-पनवेलच्या यार्डांत अशा कंटेनरची दुरुस्ती, कापणी आणि जोडणी करणारी आपली किती मुले आहेत, हे सांगायला नको. आता जुन्या झालेल्या मैत्रीच्या जागी 'मैत्री-२' उभारण्याचा बेत भारताने २०२४ साली कोचीच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत जाहीर केला आहे.

या मोहिमांचा कारभार वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. १९९८ साली स्थापन झालेले हे केंद्र शास्त्रज्ञांखेरीज केंद्र चालविणारी माणसेही मुदतीच्या कराराने घेते. वाहन मेकॅनिक, जनरेटर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार, प्लंबर व बॉयलर चालक, क्रेन चालक, स्वयंपाकी, पुरुष परिचारक अशी ही पदे असतात. उन्हाळी तुकडी काही महिन्यांत परतते. हिवाळा काढणाऱ्याला वर्षाहून अधिक काळ राहावे लागते. ठरलेला पगार, त्यावर दिवसाप्रमाणे अंटार्क्टिका भत्ता आणि राहणे, जेवण, कपडे सरकारचे. तिथे दुकान नाही, बाजार नाही. खर्च करायचा म्हटले तरी होत नाही.

कामाचे स्वरूप मात्र समजून घ्यावे. हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो आणि वादळ सुटले की दारापासून शेडपर्यंत दोरी धरून जावे लागते. साधे डिझेल त्या थंडीत गोठू लागते, म्हणून विमानाला लागते त्या जातीचे इंधन वापरतात. मैत्रीला पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तलावातून येते. नळ गोठला तर पाणी बंद, आणि जनरेटर बंद पडला तर उजेड, ऊब, पाणी, संदेश सगळेच बंद. शास्त्रज्ञाचे यंत्र एक दिवस थांबले तर एक दिवसाची नोंद जाईल; जनरेटरवाला चुकला तर पंचवीस माणसांचा जीव धोक्यात येईल. सामान आणायला बर्फावरून पट्ट्यांवर चालणारी अवजड वाहने घेऊन सुमारे शंभर किलोमीटर जावे लागते. वाटेत बिघाड झाला तर सुटा भाग आणून देणारा कोणी नसतो. असेल त्यातून जुळवून घेण्याची ही कला आमच्या गॅरेजवाल्यांना कोणी शिकवायला नको.

घाणीचेही नियम कडक आहेत. १९९१ च्या माद्रिद करारानुसार तो खंड शांततेला आणि विज्ञानाला राखून ठेवलेला आहे. तेल सांडू द्यायचे नाही आणि कचरा परत आणायचा. भारताने २०२२ साली यासाठी स्वतंत्र कायदाही केला.

मे अखेरपासून सुमारे दोन महिने तिथे सूर्य उगवत नाही, आणि नोव्हेंबर अखेरपासून तितकेच दिवस मावळत नाही. नमाज-रोज्याच्या वेळा कशा धरायच्या, हे निघण्यापूर्वीच जाणकार आलिमांना विचारून घ्यावे. भटारखाना सर्वांचा एकच असतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता मुद्द्याची गोष्ट. कोकणातली आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेली, नंतर आखातात गेली. वर्ष-दीड वर्ष घराबाहेर राहणे आपल्याला नवे नाही, हुनरही आहे. अडते ते कागदापाशी. यातल्या बहुतेक पदांना त्या त्या धंद्याचे आयटीआय प्रमाणपत्र आणि अनुभवाचा दाखला मागतात. बारा-बारा वर्षे उस्तादाच्या हाताखाली इंजिन उघडणारा मुलगा दोन्हीपैकी एकही दाखवू शकत नाही. उस्तादाने लिहून दिले तरी त्या लेटरहेडला किंमत काय? गॅरेजचीच कुठे नोंद नसते! आम्ही याला मुलाचा दोष मानीत नाही. हा उस्तादाचा आळस आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते, तिला एक पैसा लागत नाही. ज्या कारखानदाराने ती केली, शागिर्दाचा पगार बँकेतून दिला, हजेरी लिहिली, त्याच्या दाखल्याला वजन येते.

प्रमाणपत्राचीही वाट अगदी बंद नाही. अनुभवी कारागिराला आयटीआयमध्ये नियमित प्रवेश न घेता खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय ट्रेड टेस्टला बसण्याची सोय आहे. वय, अनुभव आणि मुदत यांच्या अटी जवळच्या सरकारी आयटीआयच्या कार्यालयात विचाराव्यात. कौशल्य विकास योजनेत काही दिवसांत मिळणारे दाखलेही आहेत, पण ते आयटीआयच्या तोडीचे धरले जातीलच असे नाही. जाहिरातीतले शब्द नीट वाचून मगच त्यावर विसंबावे.

विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना दुसरा दरवाजा आहे, आणि तो तर घराजवळच आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून नेट किंवा गेट परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना भूचुंबकत्व संस्थेत संशोधक विद्यार्थी म्हणून अर्ज करता येतो; दरमहा शिष्यवृत्ती मिळते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलींनी तळोजाच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहावे. कारखान्यांचे सांडपाणी आणि हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळांना नमुने तपासणारी माणसे लागतात. २०१७ साली तळोजात निळ्या रंगाची कुत्री फिरताना सर्वांनी पाहिली, त्यानंतर या तपासणीची गरज कोणाला पटवून द्यावी लागत नाही.

व्यापारी बांधवांसाठी दोन शब्द. अशा सरकारी संस्था आपली बरीच खरेदी निविदा काढून आणि 'जेम' या सरकारी ऑनलाइन बाजारातून करतात. उद्यम नोंदणी असलेल्या लघु कारखानदाराला निविदेच्या अनामत रकमेत सूट मिळते. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला ती सूट नाही. त्याची नोंदणी बँकेच्या कर्जापुरती कामाला येते. हा फरक न समजल्याने पुष्कळांचे अर्ज बाद होतात.

मोहिमेच्या भरतीची जाहिरात वास्कोच्या केंद्राच्या संकेतस्थळावर येते, बहुधा उन्हाळ्याच्या सुमारास. मुलाखत, नंतर कडक वैद्यकीय तपासणी, मग उत्तराखंडात औलीच्या बर्फात सराव, असा क्रम असतो. मधे एजंट कोणी नसतो. आखाती व्हिसाच्या नावाने आपल्या मोहल्ल्यांत किती घरांचे दागिने गेले ते आम्ही पाहिले आहे, म्हणून हे बजावून सांगतो. "अंटार्क्टिकाला लावतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. ही कायम सरकारी नोकरी नव्हे, करार संपला की काम संपते, हेही घरच्यांना आधी सांगावे.

पासपोर्ट, आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले आणि वाहनाच्या पदासाठी अवजड वाहनाचा परवाना एवढे जवळ तयार असावे. सगळ्या कागदांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, हे आजच पाहून घ्या. एका कागदावर 'शेख' आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर नाहीच, असे असेल तर दुरुस्तीला महिने लागतात आणि जाहिरातीची मुदत तेवढी थांबत नाही.