नाईलच्या पलीकडच्या काठावर

इजिप्त म्हटलं की पिरॅमिड आणि ममी एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. आज आम्ही तुम्हाला नाईल नदीकाठच्या लक्सर गावी घेऊन जाणार आहोत. आमच्या बचत गटातलं कुणीच तिथं गेलेलं नाही. पुस्तकं आणि नकाशे समोर ठेवून आम्ही ही एका दिवसाची सहल आखली आहे.

लक्सर कैरोपासून पाचशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला आहे. नाईल उत्तरेकडे वाहते, म्हणजे आपण नदीच्या वरच्या अंगाला आलो. पूर्व काठावर सूर्य उगवतो, म्हणून तिकडं देवळं आणि वस्ती. मावळतीच्या काठावर थडगी, अशी जुन्या लोकांची साधारण विभागणी. बघायला येणारे सकाळी लवकर नदी ओलांडतात, कारण पुढं डोंगरात सावली नाही. होडीतून उतरलं की आधी ऊस आणि भाजीपाल्याची हिरवी शेतं लागतात, आणि मग एकदम वाळवंट. मधे बांधाएवढी जागा. एक पाय पिकात आणि एक वाळूत ठेवता येईल, इतकी ती हद्द स्पष्ट आहे.

वाटाडे राजांच्या दरीत नेतात. तिथं साठाहून जास्त थडगी सापडली आहेत, १९२२ साली सापडलेलं तुतनखामेनचं त्यातलंच. पुढं कड्याला टेकून हत्शेप्सुत राणीचं तीन मजली ओट्यांचं देऊळ आहे. ही बाई इ.स.पू. १४७९ च्या सुमारास सत्तेवर आली आणि वीसेक वर्षं राज्य केलं. भिंतीवर तिनं पुंत देशी पाठवलेली जहाजं कोरली आहेत. धुपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून आणताहेत. राजा म्हणून तिला खोटी दाढी लावलेली दाखवतात, आणि तिच्यानंतर तिची नावं ठिकठिकाणी छिन्नीनं खरवडलेलीही दिसतात. नाव पुसायची हौस जुनीच म्हणायची.

पण आम्हाला तुम्हाला न्यायचं आहे ते देर अल-मदिना या वस्तीत. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर इथं राहत. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना एकाला एक लागून घरं, मागं चूल आणि भट्टी. आज कमरेएवढ्या भिंती उरल्या आहेत. गावात पाणी नव्हतं, ते खालून गाढवांवर यायचं. पुरुष कामाचे दिवस डोंगरावरच्या झोपड्यांत काढत, तेव्हा गाव बायकाच सांभाळत. मजुरी धान्यात मिळे. रामसेस तिसरा याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी धान्य वेळेवर आलं नाही, तेव्हा हे कारागीर हत्यारं खाली ठेवून देवळापाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला हा सगळ्यात जुना संप मानतात.

हे सगळं कळतं ते चुनखडीच्या खापऱ्यांवरून आणि पपायरसवरून. उसनवारी, धुण्याचे कपडे, भांडणं, सगळं त्यांनी लिहून ठेवलंय. गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या आम्हाला त्याचं फार कौतुक वाटतं.

त्यातच नौनाख्त नावाच्या एका बाईचं मृत्युपत्र आहे, साधारण इ.स.पू. ११४५ चं. तिला आठ मुलं होती. म्हातारपणी ती गावच्या न्यायसभेपुढं उभी राहिली आणि साक्षीदारांसमोर बोलली, की मी सगळ्यांना वाढवलं, संसार थाटून दिले. पण आता ज्यांनी मला हात दिला त्यांनाच माझं मिळेल. आठांपैकी चौघांना तिनं आपल्या वाट्यातून वगळलं. एका मुलाला मात्र काशाचं भांडं जास्तीचं दिलं. वडिलांच्या हिश्श्याला तिनं हात लावला नाही, तो सगळ्या मुलांचाच राहिला. तिनं वाटलं ते फक्त स्वतःचं. कारण त्या काळी तिथली विवाहित बाई स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू शकत होती आणि हवी तशी देऊही शकत होती. पुढं तिचा नवरा आणि मुलं पुन्हा न्यायसभेत आली आणि हे लिखाण आम्हाला मान्य आहे, असं सांगून गेली.

आपल्याकडं कायद्यानं वाटा असूनही भावाचं मन मोडू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या कितीतरी बायका आमच्या गटांत आहेत. त्या दिवशी बैठकीत नौनाख्तची गोष्ट वाचली, तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, त्या न्यायसभेत तिला लिहून कुणी दिलं? लेखनिकानं. ती स्वतः लिहू शकत होती की नाही, याचा त्या कागदावर उल्लेख नाही. बोलणं मात्र तिचंच.

ते मृत्युपत्र आज इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. एका दिवसाच्या सहलीत देर अल-मदिना बऱ्याचदा वगळतात आणि त्याचं तिकीटही वेगळं असतं. कुणाची लेक किंवा नातलग कधी लक्सरला गेलीच, तर वाटाड्याला सकाळीच सांगून ठेवायला सांगा, की आम्हाला कारागिरांच्या वस्तीतही जायचं आहे.